निंबाअण्णांचे साठ तास

नसीम पिंजारीने त्या सकाळी जो प्रश्न विचारला, तो शेंदूरखेड्याच्या कोर्टात आजवर कुणी विचारलाच नव्हता. विचारला असता तरी वकिलांनी तो हसण्यावारी नेला असता.

ती सव्वादहालाच बाररूमच्या दारात येऊन उभी राहिली. अंगावर कालचीच साडी, हातात सासरे भरती असलेल्या सरकारी दवाखान्याची पिशवी. तिचा नवरा रमजान नगरपालिकेच्या पाणीपुरवठ्यावर व्हॉल्व्हमन होता. पाच महिन्यांपूर्वी टाकीवरच्या क्लोरीनच्या सिलिंडरमधून गळती झाली, एक कंत्राटी मजूर गुदमरून गेला, आणि पोलिसांनी सदोष मनुष्यवधाचं कलम लावून उचललं ते रमजानला. वरचे साहेब सगळे नामानिराळे! सिलिंडर गळतोय अशी नोंद रमजानने त्याआधी तीनदा वहीत केली होती. पहिल्याच महिन्यात जामीन व्हावा अशी केस, पण गडी अजून आतच होता.

"वकीलबाई, दवाखान्यातून सरळ आले," नसीम म्हणाली. "डॉक्टर म्हणतात, आजचा दिवस निघाला तर उद्याचं बघू. अब्बांची शुद्ध येते नि जाते. आली की एकच विचारतात, रमजान सुटला का? मी सांगून आलेय, आज संध्याकाळी येतो म्हणून."

ॲडव्होकेट कांचन उबाळे गळ्याला पांढरा बँड बांधत होत्या. वय चोपन्न, वकिलीची अठ्ठावीस वर्षं, बोलणं रोखठोक. त्यांनी टेबलावरचा फोन उचलला. सकाळी आठ वाजून सात मिनिटांचा निरोप होता. 'रमजान पिंजारी, जामीन अर्ज. आजची सुनावणी पुढे. नवी तारीख तेवीस.' म्हणजे अजून तीन आठवडे.

"नसीम, आज नाही गं होणार," कांचनताई म्हणाल्या. "पुढची तारीख मिळालीय. कोर्टावर फार ओझं आहे, काय करणार?" हेच वाक्य त्यांनी तिला याआधी पाच वेळा ऐकवलं होतं.

नसीम रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "ही तारीख मागतं कोण, वकीलबाई? कुणीतरी मागत असेल ना? त्या माणसाचं नाव सांगा. मी त्याच्या घरी जाते, पाया पडते त्याच्या."

वकिलाला तारखेचं नवल वाटत नाही. रोज जेवणात मीठ असतं तशी रोज कोर्टात तारीख असते. पण त्या बाईची नजर काही हटेना, म्हणून कांचनताईंनी, निव्वळ तिचं समाधान करायला, केसची नोंद उघडली. सरकार पक्षाचं नाव दाखवावं, दोन शिव्या द्याव्यात आणि तिला वाटेला लावावं, एवढाच विचार.

नोंदीत लिहिलं होतं, 'सरकार पक्षाची मुदतीची विनंती. अर्जदारातर्फे संमती. स्वाक्षरी: ॲड. कांचन उबाळे.'

त्यांनी मागची तारीख उघडली. संमती, कांचन उबाळे. त्याच्या मागची, संमती. सहाच्या सहा वेळा.

त्यांनी फोन पालथा ठेवला. "तू जरा बाकावर बस," त्या कशाबशा म्हणाल्या. "मी आलेच."

आता हे झालं कसं, ते थोडक्यात सांगतो. दोन हजार चौतीस सालापासून राज्यातल्या प्रत्येक वकिलाला 'सहवकील' मिळाला. सहवकील म्हणजे माणूस नव्हे, यंत्रबुद्धी. अर्ज तयार करणं, जुने निवाडे शोधणं, किरकोळ कामं परस्पर उरकणं, ही त्याची कामं. पण मिळण्याआधी एक अट होती. वकिलाने स्वतः बसून साठ तास त्याच्याबरोबर काम करायचं, मगच प्रमाणपत्र.

ही अट उगाच नव्हती. यंत्राला कायदा आधीच तोंडपाठ. त्याला शिकवायचं असतं ते वकिलाचं मन. ते एखादा प्रसंग मांडतं आणि दोन उत्तरं पुढे ठेवतं. एकाखाली 'हो' दाबायचं, दुसऱ्याखाली 'नको', आणि खालच्या चौकटीत कारण लिहायचं. यंत्राच्या आत आकड्यांची प्रचंड जाळी असते. प्रत्येक 'हो'सरशी त्यातले लाखो आकडे केसभर सरकतात आणि पुढच्या खेपेला उत्तर त्या 'हो'च्या जरा जवळचं येतं. न्याय म्हणजे काय, तुरुंग म्हणजे काय, हे त्याला कधीच कळत नाही. समोरचा माणूस कशाने खूश होतो, एवढंच कळतं. असे साठ तासांत बाराशे प्रसंग. यंत्राला वकील कळावा आणि वकिलाला यंत्र कळावं, ते कुठे घसरतं, कुठे गोड बोलून गंडवतं ते हाताला लागावं, असा त्यामागचा हिशेब.

दुसरी सोय 'जलद मंच'. किरकोळ अर्ज दोन्ही बाजूंचे सहवकील आपसांत, निमिषात मिटवतात. दोघांचं जमलं की न्यायाधीशांच्या सकाळच्या यादीत त्याची एक ओळ होते आणि ते एका सहीत दोनशे ओळी मंजूर करतात. मुदत मागणं हे किरकोळात धरलेलं. आणि नियम स्पष्ट होता, सहवकिलाची संमती ती वकिलाचीच संमती.

मग कांचनताईंनी साठ तास केले नव्हते का? छे हो! वेळ कुणाला होता? रोज पंधरा केसेस, त्यातून हे परीक्षेसारखं लोढणं. त्यांनी ते काम निंबाअण्णांवर सोपवलं होतं.

निंबाअण्णा हे त्यांचे कारकून. साठीला आलेले, टोपीवाले, खिशाला दोन पेनं. कांचनताईंनी पहिल्यांदा काळा कोट घातला तेव्हा कोर्ट फीचं तिकीट कुठे लावायचं, कचेरीतल्या शिरस्तेदाराला नमस्कार कसा करायचा, हे त्यांनीच शिकवलेलं. वकीलपत्रं अण्णा भरायचे, डिजिटल सहीची किल्ली अण्णांच्या शर्टाच्या खिशात असायची, पासवर्ड अण्णांच्या वहीत. त्या कोर्टात सगळ्याच वकिलांचं असंच चालायचं. "अण्णा, तेवढं उरकून टाका," एवढंच त्या म्हणाल्या होत्या, आणि अण्णांनी महिनाभर दुपारी बसून ते इमानेइतबारे उरकलं.

अण्णा चहाच्या टपरीवर सापडले. शेजारी सुपडू, सरकारी वकील भंगाळ्यांचा कारकून. दोघांची दोस्ती जुनी.

"अण्णा, ते साठ तास आठवतात का? त्यात मुदतीचा प्रसंग आला की तुम्ही काय दाबायचात?"

"'हो'!" अण्णा अभिमानाने म्हणाले. "समोरच्याने मागितली तर द्यायची, आपण मागितली तर तो देतो. ताई, अठ्ठावीस वर्षांत आपलं कुणाशी वाकडं नाही ते त्याच्यामुळेच ना!"

"आणि कारणाच्या चौकटीत काय लिहिलंत?"

"'ठीक'."

"बाराशे वेळा?"

अण्णांनी आठवून पाहिलं. "एकदा 'ठीक आहे' लिहिलं होतं. त्या दिवशी घाई नव्हती."

सुपडू खुदकन हसला. "आमच्या साहेबांचंबी मीच केलं. दोघं शेजारी बसूनच करायचो. बरं पडायचं."

म्हणजे तिकडे सुपडूने शिकवलेलं यंत्र मुदत मागत होतं आणि इकडे अण्णांनी शिकवलेलं यंत्र हसतमुखाने देत होतं. दोघंही अतिशय सभ्य. आणि त्या सभ्यतेपायी एक माणूस पाच महिने कोठडीत. अण्णांवर ओरडावं म्हणून त्यांनी तोंड उघडलं. पण ओरडायचा हक्क कुठे होता? किल्ली दिली कुणी? पासवर्ड दिला कुणी? त्यांनी अण्णांना काय झालंय ते सांगितलं, नसीमच्या सासऱ्यासकट. अण्णांच्या हातातला कप तसाच राहिला.

"ताई, देवाशप्पथ... मला वाटलं मी काम शिकवतोय त्याला."

"शिकवलंतच ना," कांचनताई म्हणाल्या. "तेच तर झालंय."

साडेअकराला त्यांनी किशोर भंगाळ्यांना ग्रंथालयाच्या कोपऱ्यात गाठलं. दोघं एकाच वर्षीचे, कोर्टात भांडायचे आणि डबा एकत्र खायचे. सगळं ऐकून भंगाळे हळू आवाजात म्हणाले, "वेडेपणा करू नकोस. तांत्रिक बिघाड म्हणून तक्रार टाक. आठ दिवसांत खुलासा येतो. मी हरकत घेणार नाही, सुनावणी परत लावून घेऊ."

"आठ दिवस त्या म्हाताऱ्याकडे नाहीत, किशोर."

"आणि तुझी वकिलीची सनद? खोट्या प्रमाणपत्राचं उघड झालं तर वकील परिषद काय करते माहीत आहे ना? गेल्या महिन्यात शेजारच्या जिल्ह्यात दोघांची वर्षभर स्थगित झाली. चोपन्नाव्या वर्षी घरी बसशील." मग नजर चुकवत, "माझं नाव घेणार आहेस?"

"मला माझंच सांगायचंय. तुझं तू बघ."

बोलायला सोपं होतं. पण सनद गेली की मागे उरतं काय? वकिली सोडून त्यांना दुसरं काही येत नव्हतं. जिन्यात अण्णा वाट पाहत उभे. टोपी हातात.

"ताई, मी सांगतो कोर्टाला. किल्ली मी चोरली, तुम्हाला पत्ताच नव्हता. माझं काय, माझी सनद थोडीच आहे! दोन महिने आत काढीन."

खोटं कशाला बोलू, तो बेत कांचनताईंना पटला. बावीस पायऱ्या चढेपर्यंत पटलेला होता. वाक्यंही जुळवून झाली. वरच्या मजल्यावर बाकावर नसीम बसली होती, फोन कानाला लावून कुणाला तरी सांगत होती, "त्यांना म्हणावं, वकीलबाई आत गेल्यात. म्हणावं, येतोच आहे." अण्णांना आत घालून रमजानला बाहेर काढायचं, हा कसला व्यवहार? कांचनताईंना स्वतःचीच शरम वाटली.

"अण्णा, गप्प बसायचं," त्या म्हणाल्या. "एक अक्षर बोललात तर माझ्याशी गाठ आहे."

पावणेतीनला न्यायाधीश इनामदार साहेब जेवून आसनावर आले. शिस्तीचा माणूस, आवाज कधी चढत नसे, म्हणून जास्तच धाक.

"साहेब, रमजान पिंजारीचा जामीन अर्ज आजच ऐकावा, अशी विनंती."

"आजच्या यादीत नाही तो. तुमच्याच संमतीने पुढे गेलाय."

"ती संमती माझी नव्हती."

"उबाळे मॅडम, सहवकिलाची संमती ती वकिलाची. नियम तुम्हाला ठाऊक आहे."

"आहे, साहेब." कांचनताई एक पाऊल पुढे आल्या. "त्या सहवकिलाला मी शिकवलेलंच नाही. साठ तास मी केले नाहीत. माझ्या सांगण्यावरून दुसऱ्याने केले आणि प्रमाणपत्र मी घेतलं. सहाही वेळा काय चाललंय हे मी पाहिलं नाही. सगळा दोष माझा आहे, माझ्या आशिलाचा नाही."

मागच्या बाकावरचे वकील कागद चाळायचे थांबले. त्यांच्यातल्या कितीजणांनी साठ तास स्वतः केले होते, ते त्यांचं त्यांनाच माहीत.

"हे मी नोंदवलं की तुमचा सहवकील या क्षणी बंद होईल," इनामदार साहेब सावकाश म्हणाले. "प्रकरण परिषदेकडे जाईल. पुढे काय होतं ते तुम्ही जाणता. विचार करायला वेळ हवा असेल तर अर्धा तास देतो."

कांचनताईंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. "मुदत नको, साहेब."

साहेबांनी मान वळवली. "सरकार पक्ष?"

भंगाळे उठले. गाऊन सावरला, पुन्हा सावरला. "साहेब, हे आत्ताच समजतंय... सूचना घेण्यासाठी मुदत..." आणि तिथेच अडकले. कांचनताईंनी डोळे मिटून घेतले. संपलं, असंच त्यांना वाटलं. मग भंगाळ्यांचा आवाज आला, आधीपेक्षा बारीक. "नको. मुदत नको. माझेही तास मी केलेले नाहीत, साहेब. मागणारं यंत्र माझं होतं."

इनामदार साहेबांनी चष्मा काढला. समोरच्या पडद्यावर सकाळची यादी अजून उघडीच होती. "दोनशे अकरा ओळी," ते म्हणाले. "खाली सही माझी आहे. चार मिनिटांत केली." मग चष्मा चढवला. "युक्तिवाद करा. दोघंही, तोंडी."

कांचनताईंची त्रेधा उडाली. सहवकील बंद, पडदा काळा, पान कोणतं, परिच्छेद कोणता, काही सुचेना. तेवढ्यात मागून कोपराला काहीतरी लागलं. लाल फितीत बांधलेला कागदांचा गठ्ठा, रमजानच्या नोंदवहीच्या नकला, प्रत्येक पानाला चिठ्ठी. दोन वर्षांपूर्वीच त्यांनी अण्णांना बजावलं होतं की कागद ठेवायचे नाहीत, सगळी रद्दी काढा. अण्णांनी ऐकलं नव्हतं.

त्या वाचू लागल्या. चार तारीख, सिलिंडर क्रमांक दोन गळतोय, वर कळवलं. नऊ तारीख, वास वाढला, वर कळवलं. बारा तारीख, फोन केला, कुणी उचलला नाही. भंगाळ्यांनी सरकारची बाजू मांडली, मांडायला हवी तेवढी मांडली. चार वाजून पाच मिनिटांनी रमजान पिंजारीला जातमुचलक्यावर जामीन मंजूर झाला.

नसीम धावत दवाखान्याकडे गेली, आणि मग कांचनताईंच्या लक्षात आलं. आता आदेश तुरुंगात पोचणार कसा? तो वकिलाच्या सहवकिलामार्फतच जात असे, आणि त्यांचा बंद. शिरस्तेदार म्हणाले, उद्या अकरानंतर हाताने नोंद करून पाठवू. उद्या!

"साडेपाचची पेटी," अण्णा म्हणाले.

तुरुंगाच्या दाराशी जामिनाच्या आदेशांची लोखंडी पेटी असायची. साडेपाचला शेवटची उघडायचे. कागद आत असेल तर माणूस त्याच दिवशी बाहेर, नाहीतर रात्र आतच. यंत्रं आल्यापासून पेटीत कुणी काही टाकलं नव्हतं, पण तो नियम रद्द केल्याचंही कुणी ऐकलं नव्हतं. अण्णांनी नक्कल विभागात कुणाच्या हातापाया पडून आदेशाची शिक्का मारलेली नक्कल काढली ते तेच जाणोत. पावणेपाचला त्यांची स्कूटर फाटकाबाहेर पडली. तुरुंग अठरा किलोमीटर.

कांचनताई बाररूममध्ये बसून राहिल्या. कुणी जवळ येईना. पाच वाजून बावीस मिनिटांनी फोन वाजला.

"ताई, पेटीला कुलूप आहे नि किल्ली कुठंय ते इथं कुणालाच ठाऊक नाही."

"अरे देवा! मग?"

"मग काय! कागद जेलर साहेबांच्या टेबलावर ठेवलाय आणि पोच मागितलीय. ते म्हणतात, यंत्रावर आला नाही. मी म्हणालो, साहेब, मी आलोय ना. पोच घेतल्याशिवाय मी इथनं हलत नसतो."

फोन बंद झाला. साडेपाच झाले. पावणेसहा. त्या वेळात कांचनताईंनी मनातल्या मनात जेवढ्या देवांना आळवलं, तेवढ्यांची नावंसुद्धा त्यांना एरवी आठवली नसती. सहा वाजून दहा मिनिटांनी अण्णांचा निरोप आला. नुसता एक फोटो. चुरगळलेला कागद, त्यावर गोल शिक्का आणि सही. साडेसहाला रमजान अण्णांच्या स्कूटरवर मागे बसला.

सव्वासातला अनोळखी नंबर. पलीकडे रमजान. पाच महिन्यांत तुरुंगातल्या भेटीच्या जाळीशिवाय ऐकलेला त्याचा पहिला आवाज.

"वकीलबाई, ओळखलं त्यांनी मला." अब्बा स्वतः तीस वर्षं व्हॉल्व्हमन होते, गावातला प्रत्येक व्हॉल्व्ह त्यांच्या हाताखालून गेलेला. "माझा हात धरून विचारलं, पाणी सोडलंस का रे? मी म्हणालो, सोडलं."

अब्बा दुसऱ्या दिवशी सकाळी गेले. मातीला रमजान होता.

परिषदेची नोटीस आठवड्याने आली. निर्णय लागायचा होता. भंगाळ्यांनाही आली. त्या आठवड्यात बारमधल्या एकोणीस वकिलांनी आपण होऊन प्रमाणपत्रं परत केली. बाकीच्यांनी का केली नाहीत, ते विचारण्यात अर्थ नव्हता. कांचनताईंनी आपल्या सगळ्या केसेसच्या नोंदी एकेक करून उघडल्या. 'ठीक'च्या पायावर उभ्या राहिलेल्या अजून एकतीस संमती सापडल्या. कुणाची पोटगी, कुणाचा ताबा, आणखी एक कोठडीतला. प्रत्येकाला त्या स्वतः फोन करत होत्या.

सोमवारी दुपारी त्यांनी नवा, कोरा सहवकील उघडला. पहिला तास, पहिला प्रसंग. शेजारी खुर्ची ओढून अण्णा बसले. दोन्ही हात मांडीवर, खिशात किल्ली नाही.

पडद्यावर अक्षरं उमटली. 'समोरचा पक्ष मुदत मागत आहे. अर्जदार कोठडीत आहे. संमती द्यावी का?'

कांचनताईंनी 'नको' दाबलं. खाली कारणाची चौकट उघडली.

"'ठीक' लिहू नका, ताई," अण्णा हळूच म्हणाले.

त्यांनी एकेक अक्षर शोधत लिहिलं, 'आत माणूस आहे.'